मालवणी बोलीचा अभ्यास आणि इंग्रजीची कसोटी

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे भवितव्य त्याच्या इंग्रजीवर अवलंबून असते, हे मत आता इतके रूढ झाले आहे की, त्याची परीक्षा करण्याची आवश्यकता कोणास भासत नाही. इंग्रजी म्हणजे नेमके कोणते सामर्थ्य आणि ते कोणत्या कार्यासाठी, हे प्रश्न त्यात अनुत्तरितच राहतात. मालवण-कुडाळकडील भाषाभ्यासाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

हे मत सर्वथा निराधार नाही. १८३७ साली मालवण येथे जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ मधील विल्सन व्याख्याने इंग्रजीत दिली. १९६५ मध्ये डॉ. अ. म. घाटगे यांनी कुडाळी बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेही इंग्रजीतच. त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांस ही बोली उपलब्ध झाली. परंतु ज्यांची ती बोली, त्यांच्यासाठी ते वर्णन लिहिले गेले नाही. उलट झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील फ्रेंच ग्रंथ १९४१ मध्ये वा. गो. परांजपे यांनी थेट मराठीत आणला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये झाले. ज्ञानाची वाट इंग्रजीतूनच जाते, हा नियम येथे टिकत नाही.

नोकरीच्या बाबतीतही असाच विवेक हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत विद्यापीठीय सहायक प्राध्यापकपदाच्या उमेदवारांची प्राथमिक निवड करण्यासाठी जो तक्ता दिला आहे, त्यात पीएच.डी.ला ३० गुण आणि शोधनिबंधांना प्रत्येकी २, कमाल १० गुण आहेत; निबंधाच्या भाषेवरून तेथे भेद केलेला नाही. भेद होतो तो पुढे, मुलाखतीत आणि परदेशी नियतकालिकांच्या दाराशी. घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी आणि त्यानंतर इंग्रजी अशा क्रमाने आलेला विद्यार्थी तेथे बोलताना अडखळतो, आणि ते अडखळणे बुद्धीचे न्यून म्हणून मोजले जाते. अन्याय आहे तो येथे.

वस्तुतः भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास लागणारे इंग्रजी निराळेच असते. ‘माका व्हया’ या मालवणी वाक्यात इच्छा करणारा कर्ता म्हणून येत नाही; प्रमाण मराठीतील ‘मला’प्रमाणे तो विभक्तिप्रत्यय घेऊन येतो. अस्खलित इंग्रजीत त्याचे भाषांतर करताच इच्छा करणारा कर्ता होऊन बसतो आणि बोलीचा विशेष लोपतो. तो विशेष न गमावता परभाषिकास समजावून देणे, हीच त्या विद्यार्थ्याच्या इंग्रजीची खरी कसोटी होय. सफाईदार उच्चारांनी ती उत्तीर्ण होता येत नाही.

म्हणून मराठी प्रबंधास सविस्तर इंग्रजी सारांश आणि इंग्रजी प्रबंधास तितकाच सविस्तर मराठी सारांश, असा दुहेरी नियम विभागांनी स्वीकारणे इष्ट ठरेल. पहिल्याने विद्यार्थ्याचा मार्ग विस्तारेल. दुसऱ्याने बोलीविषयीचे ज्ञान ती बोलणाऱ्यांपर्यंत परत पोहोचेल. यांपैकी एकाचाच आग्रह धरणे म्हणजे संशोधनाचे अर्धे ऋण फेडून स्वस्थ बसणे होय.