उपमा, रूपक आणि पुनरुक्ती : बौद्ध साहित्याच्या अभ्यासातील काही संज्ञा

बौद्ध साहित्यावरील आपल्या लेखनात आणि विहारांतून चालणाऱ्या अभ्यासवर्गांत उपमा, रूपक, दृष्टान्त, प्रतीक हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. एखाद्या सुत्तात सर्पाचा अगर तराफ्याचा उल्लेख आला की 'ही सुंदर उपमा आहे' एवढे म्हणून वाचक पुढे जातो. अलंकाराचे नाव सांगितले म्हणजे त्याचा अभ्यास झाला, ही समजूत शालेय व्याकरणातून आलेली आहे. धम्मसाहित्याच्या बाबतीत ती घातक ठरते, असे आमचे मत आहे. कारण तेथे अलंकार हा बहुधा युक्तिवादाचाच भाग असतो आणि त्याचे स्वरूप चुकीचे ओळखले तर उपदेशाचा अर्थच पालटतो.

या संदर्भात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथाच्या चौथ्या खंडाचे स्मरण होते. शब्दांचे साम्य मूलभूत भेद कसा झाकून टाकते, हाच त्यातील दुसऱ्या भागाचा विषय आहे. बुद्धवचनांचे विपर्यस्त कथन कसे होत असे, हे दाखविताना बाबासाहेबांनी तेथे पाच सुत्तांचा निर्देश केला आहे. त्यांत मज्झिमनिकायातील अलगद्दूपमसुत्ताचा समावेश आहे. साहित्यसंज्ञांच्या अभ्यासासाठीही या सुत्ताइतके उपयुक्त उदाहरण सहसा सापडणार नाही. मज्झिमनिकायाच्या ज्या वग्गात ते येते, त्याचे नावच 'ओपम्मवग्ग' असे आहे.

अरिट्ठ नावाचा भिक्खू असे सांगू लागतो की, तथागतांनी ज्यांना अंतरायकारक म्हटले त्या गोष्टी सेवन करणाऱ्याला अंतराय करीत नाहीत. त्याला उत्तर देताना भगवान म्हणतात की, काही लोक सुत्त, गेय्य, वेय्याकरण, गाथा, उदान, इतिवुत्तक, जातक, अब्भुतधम्म आणि वेदल्ल ही नऊ अंगे पाठ करतात, परंतु प्रज्ञेने त्यांचा अर्थ तपासत नाहीत. वादात दुसऱ्यावर दोष ठेवण्यासाठीच ती शिकतात. अशा माणसासाठी सर्पाची उपमा येते. शेपटीला धरलेला सर्प उलटून दंश करतो. बेचक्याच्या काठीने दाबून मानेशी धरलेला सर्प तसे करू शकत नाही.

उपमेची चार अंगे आपणांस परिचित आहेत : उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. येथे उपमान सर्प आहे. परंतु उपमेय 'धम्म' नसून 'धम्माचे ग्रहण' आहे. साधारण धर्म एकच : धरण्याची रीत. सर्पाचा विषारीपणा, त्याचे भय, त्याचे सौंदर्य यांपैकी काहीही येथे अभिप्रेत नाही. काव्यात उपमान जितक्या अंगांनी उपमेयाशी जुळेल तितकी उपमा संपन्न मानण्याकडे रसिकांचा कल असतो. सुत्तातील उपमेचे बळ मात्र एका साम्यापाशी थांबण्यात आहे. म्हणून सुत्त वाचताना 'अलंकार कोणता?' यानंतर लगेच 'साम्य नेमके कशाचे?' हा प्रश्न विचारला पाहिजे.

त्याच सुत्तातील तराफ्याच्या बाबतीत हा प्रश्न न विचारल्याचा परिणाम आपण नित्य पाहतो. पैलतीरी गेल्यावर तराफा डोक्यावर वाहून नेऊ नये, एवढ्यावरून शीलाचे बंधनही यथावकाश सोडून द्यायचे असते, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु येथील साधारण धर्म प्रयोजन हा आहे : तराफा पार होण्यासाठी असतो, कवटाळण्यासाठी नव्हे. तसेच ज्या सुत्तात हा तराफा येतो ते सुत्त शीलाची बंधने सैल करू पाहणाऱ्या अरिट्ठाच्या खंडनार्थच सांगितले गेले आहे. उपमा प्रसंगापासून तोडली, तर अरिट्ठाचेच मत तथागतांच्या तोंडी घातल्यासारखे होते. बाबासाहेबांनी दिलेला विपर्यासाचा इशारा येथे साहित्याभ्यासालाही लागू पडतो.

उपमेत साम्य सांगितले जाते. रूपकात उपमेय आणि उपमान यांत अभेद मानला जातो. आदित्तपरियायसुत्तात चक्षू, रूप, विज्ञान ही सारी पेटलेली आहेत असे सांगितले आहे. हे रूपक आहे आणि तेथील अग्नी राग, द्वेष व मोह हे आहेत. अग्गिवच्छगोत्तसुत्तात विझलेला अग्नी कोणत्या दिशेला गेला, असा प्रश्न वच्छगोत्ताला विचारला जातो. तेथे अग्नी हा दृष्टान्त आहे. प्रश्नच कसा गैरलागू आहे, हे तो दाखवितो. दोन्ही ठिकाणी अग्नीच असला तरी त्याचे कार्य भिन्न आहे. दोहोंना सरसकट 'अग्नीचे प्रतीक' म्हटल्याने अभ्यास पुढे सरकत नाही.

माराविषयी असाच घोटाळा होतो. कोणी माराला प्रत्यक्ष राक्षस मानतात; कोणी माराचा उल्लेख आला की तो भाग भाकडकथा म्हणून टाकून देतात. सुत्तनिपातातील पधानसुत्तात माराच्या सेनांची नावे काम, अरती, क्षुधा-पिपासा, तृष्णा अशी आहेत. येथे चेतनगुणोक्ती आहे, ही गोष्ट नावेच सांगतात. मनातील विकारांना सेनेचे रूप दिल्यामुळे प्रयत्न आणि प्रतिकार यांची भाषा शक्य झाली. अन्यत्र मार देव म्हणूनही येतो. म्हणून प्रत्येक स्थळ स्वतंत्रपणे तपासावे लागते. संज्ञेचे भान असलेला वाचक भाबडेपणा आणि उतावळा नकार या दोहोंपासून वाचतो.

आता पुनरुक्तीकडे वळू. संस्कृत काव्यशास्त्राने पुनरुक्तीची गणना दोषांत केली आहे. त्या मापाने पालि सुत्ते मोजून त्यांना कंटाळवाणी ठरविणारे अभिप्राय आपण ऐकतो. परंतु परंपरेनुसार तिपिटक इसवी सनपूर्व पहिल्या शतकात सिंहलद्वीपात लिहून काढले गेले, आणि तोपर्यंत ते भिक्खूंनी एकत्र म्हणून जतन केले. सामूहिक पठणात पुनरुक्ती हा स्मृतीचा आधार असतो. लेखनात आल्यावर तिचा संक्षेप 'पेय्याल' या खुणेने होऊ लागला.

काही ठिकाणी ती याहून मोठे कार्य करते. वासेट्ठसुत्तात ब्राह्मण कोणाला म्हणावे हे एकामागून एक गाथांत सांगितले आहे आणि प्रत्येक गाथेच्या अखेरीस तेच ध्रुवपद येते. प्रत्येक आवर्तनाबरोबर त्या शब्दातील जन्माचा अर्थ झिजत जातो आणि आचरणाचा अर्थ त्याची जागा घेतो. कूटदन्तसुत्तात 'यज्ञ' या शब्दाचे असेच होते. प्रतिपक्षाचा शब्द घेऊन त्याचा अर्थ पालटण्याच्या या रीतीला आम्ही 'अर्थपरिवर्तन' म्हणू इच्छितो. 'अर्थान्तरन्यास' हा निराळा अलंकार आहे, त्याच्याशी तिची गल्लत होऊ नये. वेरंज ब्राह्मण भगवंतांना अक्रियावादी, उच्छेदवादी अशी दूषणे देतो, तेव्हा ते ती स्वीकारतात, पण आपण उच्छेद सांगतो तो राग, द्वेष आणि मोह यांचा, असा खुलासा करतात. श्लेषवक्रोक्तीचा इतका अर्थपूर्ण वापर विरळा.

याचा अर्थ परंपरागत संज्ञांवर बहिष्कार घालावा असा नाही. अश्वघोषाने काव्याची सर्व सामग्री धम्मासाठी वापरली. सिंहलद्वीपातील संघरक्खित स्थविरांनी दण्डीच्या 'काव्यादर्शा'च्या आधारे पालि भाषेत 'सुबोधालंकार' रचला आणि त्यात दोष, गुण, अर्थालंकार, रसभाव यांचे विवेचन केले. संज्ञा कोणत्याही वर्णाची मिरास नाही. परंतु संज्ञेबरोबर येणारे मूल्य तपासून घेतले पाहिजे. मराठीत दलित साहित्याच्या निमित्ताने हाच प्रश्न उभा राहिला. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) मध्ये आनंद हे मूल्य केंद्रस्थानी मानणारे निकष या साहित्याला पुरेसे नाहीत, अशी भूमिका मांडली. वेदना आणि नकार यांचे साहित्य रसांच्या कोष्टकात बसविताना त्यातील प्रश्नच नाहीसा होण्याचा धोका असतो. वासेट्ठसुत्ताला 'पुनरुक्त' म्हणताना नेमके हेच घडते.

अभ्यासवर्गांतून सुत्तांचे वाचन करणाऱ्यांना आमची सूचना एवढीच आहे की, अलंकाराचे नाव घेतल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात : साम्य नेमके कशाचे आहे, ते कोणत्या प्रसंगी व कोणाला उद्देशून सांगितले आहे, आणि तो अलंकार काढून टाकल्यास युक्तिवादातील कोणता दुवा तुटतो. या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली नाहीत, तर नऊही अंगे मुखोद्गत असूनही सर्प शेपटीलाच धरला गेला, असे समजावे.