संग्रहालयांतील दिवसाचा उजेड आणि हस्तलिखितें

अहमदाबाद येथें साबरमती आश्रमाच्या आवारांत चार्ल्स कोरिया यांनीं रचिलेलें गांधी स्मारक संग्रहालय १९६३ सालीं उघडलें. उष्ण प्रदेशांत विजेच्या खर्चावांचून संग्रहालय कसें उजळावें याचा आदर्श म्हणून वास्तुशास्त्रज्ञ या इमारतीकडे बोट दाखवितात. ही स्तुति बव्हंशीं यथार्थ आहे. परंतु ती घराची झाली. पत्रें, छायाचित्रें व ग्रंथ यांकरितां तें घर उभें राहिलें, त्यांच्या बाजूनेंही त्याची परीक्षा व्हावयास पाहिजे.

सहा मीटर चौरसाचे खण, विटांचे खांब, वर कौलें, मध्यें पाण्याचा चौक. खिडक्यांना कांच नाहीं, फिरत्या लांकडी पट्ट्यांच्या झिलमिल्या आहेत. अहमदाबाद कर्कवृत्ताच्या किंचित् दक्षिणेस असल्यामुळें जूनमध्यें मध्यान्हीं सूर्य माथ्यावर येतो. युरोपांतील चित्रशाळांप्रमाणें छपरालाच कांच बसविली असती तर आंत भट्टी पेटली असती. कोरियांनीं छप्पर अपारदर्शक ठेवून उजेड बाजूनें, चौकावरून परावर्तित होऊन येऊं दिला. हें मर्म अनेक नव्या संग्रहालयांना अद्याप साधलेलें नाहीं.

आतां दोष. प्रकाशानें होणारी हानि सांचत जाते व भरून येत नाहीं. कागदावर ५० लक्सपेक्षां अधिक उजेड नसावा असा संग्रहालयशास्त्राचा रूढ दंडक आहे. रोज ८ तास, वर्षास ३०० दिवस धरिले तर १,२०,००० लक्स-तास होतात. सावलीच्या ओसरीवर ५०० लक्स सहज असतात. म्हणजे तेथें एका वर्षांत दहा वर्षांचें आयुष्य खर्ची पडतें! उघडें ऊन लाखाच्या घरांत जातें. त्याचा एक तास दहा महिन्यांच्या वांट्याजवळ येतो.

आमच्या पोथ्यांची काजळाची मषी या परीक्षेंत उतरते. परंतु पुष्पिकेचा हिंगूळ उजेडानें काळवंडतो, चुका झांकणारी हरताळ फिकी पडते. विसाव्या शतकांतील रंगीत शाई व गिरणीचा कागद तर याहून दुबळे.

दुसरें असें कीं झिलमिलीनें उजेड व वारा एकत्र बांधिले आहेत. मिटली तर अंधार. उघडली तर श्रावणांतील दमट हवा व धूळ आंत. कांचेच्या खिडकीस जी निवड करितां येते ती हिला येत नाहीं.

ऊर्जेचा मुद्दा तंतुदीपांच्या काळीं भक्कम होता. तितक्याच प्रकाशामागें सूर्याच्या उजेडांत उष्णता कितीतरी कमी. एलईडी दिव्यांनीं तो भेद जवळजवळ पुसला आहे, आणि ५० लक्सांस वीज ती किती लागणार?

आमचा आक्षेप साबरमतीच्या व्यवस्थापकांवर नाहीं. या नमुन्याची सरसकट नक्कल करूं पाहणाऱ्यांवर आहे. चौक, वाटा, बसण्याचे ओटे, पाषाणमूर्ति व शिलालेख यांस दिवसाचा उजेड अवश्य द्यावा. शिलालेखाच्या झिजलेल्या अक्षरांना तर तिरपा उजेडच वाचतें करितो. कागद मात्र जाड भिंतींच्या आंतल्या दालनांत असावा. जैसलमेरच्या जैन भांडारकारांनीं पोथ्या किल्ल्यांतील तळघरांत ठेविल्या. आमच्या दफ्तरांनीं रुमाल बांधिले. प्रदर्शनांत प्रतिकृति मांडाव्या. मूळ पत्र दाखविणें अगत्याचेंच असेल तर तें तीन महिन्यांनीं पालटावें, आणि पेटीवर जाड कापडाचा पडदा असावा. पाहणाऱ्यानें तो उचलावा व हात काढतांच तो आपोआप पडावा.