जागेचा आश्रय : छबिलदास आणि मुंबईची प्रायोगिक रंगभूमी

मराठी नाट्यसमीक्षेत ‘छबिलदास चळवळ’ ही संज्ञा इतकी रूढ झाली आहे की तिच्यातील वेगळेपण सहसा जाणवत नाही. साहित्यातील वा रंगभूमीवरील चळवळी बहुधा एखाद्या विचाराच्या, नियतकालिकाच्या किंवा प्रवर्तकाच्या नावाने ओळखल्या जातात. येथे चळवळीला नाव मिळाले ते दादरच्या एका शाळेच्या सभागृहाचे. या रंगभूमीचा जाहीरनामा नव्हता आणि तिथे येणाऱ्या रंगकर्मींमध्ये सौंदर्यदृष्टीचे एकमतही नव्हते. त्यांना जोडणारा दुवा होता तो परवडणाऱ्या जागेचा. समीक्षेने या नावाचा शब्दशः विचार केला असता, तर मुंबईसारख्या शहरात प्रयोगकलांना आधार देणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचे उत्तर तिला केव्हाच सापडले असते.

या दृष्टीने पाहता मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास हा स्थलांतराचा इतिहास ठरतो. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू आदींनी १९६० मध्ये ‘रंगायन’ उभी केली, तेव्हा तिला वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटचा आसरा होता. सत्यदेव दुबे यांच्या नाटकांच्या तालमी ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये होत. रंगायन फुटल्यानंतर १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी ‘आविष्कार’ची स्थापना केली आणि १९७४ पासून छबिलदास शाळेचे सभागृह हे तिचे केंद्र बनले. सुलभाताई त्या शाळेत शिक्षिका होत्या, हा तपशील चरित्रात्मक म्हणून सोडून देण्याजोगा नाही. संस्थेला जागा मिळाली ती कोणत्याही सांस्कृतिक धोरणामुळे नव्हे, तर एका शिक्षिकेच्या परिचयामुळे आणि शाळाचालकांच्या उदारपणामुळे. शांता गोखले यांनी संपादित केलेल्या ‘द सीन्स वुई मेड’ या मौखिक इतिहासाची रचना भुलाभाई, वालचंद टेरेस व छबिलदास या तीन जागांभोवती आहे, ती उगाच नव्हे.

छबिलदासचे स्थानमाहात्म्य मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही. पश्चिम आणि मध्य या दोन्ही रेल्वेमार्गांना जोडणारे दादर स्थानक तेथून हाकेच्या अंतरावर. बँकेत, कचेरीत वा महाविद्यालयात नोकरी करणारा नट संध्याकाळी उतरून तालमीला येऊ शके, प्रेक्षकही तसाच येई, आणि प्रयोगानंतर दोघांनाही बोरिवली वा डोंबिवलीची गाडी मिळे. सभागृहाचा खर्च बेताचा असल्याने नाटक पडले तरी संस्था बुडत नसे. व्यावसायिक नाट्यगृहात तारीख, जाहिरात, रंगमंच कामगार, वाहतूक यांचा हिशेब जुळवताना निर्मात्याला पहिल्या काही प्रयोगांतच नाटकाचे भवितव्य ठरवावे लागते. छबिलदासला फसण्याची मुभा होती. बादल सरकारांचे ‘जुलूस’ करणारे अमोल पालेकर आणि स्वतःच्याच वाटेने जाणारे दुबे एकाच छताखाली नांदू शकले, त्यामागे ही मुभा आहे.

मात्र या काळाविषयीच्या मराठी लेखनात एक स्मरणरंजन शिरले आहे. अपुरे दिवे, बाहेरच्या बाजाराचा कोलाहल, खिशातून घातलेले पैसे यांचे वर्णन करता करता अभावालाच सर्जनशीलतेची अट मानले जाते. हा समज तपासून घ्यावा लागेल. या रंगभूमीचा खरा अनुदानकर्ता तिचा नट होता. आठ तासांच्या नोकरीनंतरचे श्रम तो बिनमोल देत होता. ज्याला अशी नोकरी नव्हती, त्याला या रंगभूमीवर फार काळ टिकणे कठीण होते. चळवळीची सामाजिक मर्यादा दाखवताना तिच्या मध्यमवर्गीय आशयावर पुष्कळ टीका झाली. तो मध्यमवर्ग तिथे कोणत्या अर्थव्यवस्थेतून आला, याची चर्चा त्या मानाने अल्प आहे.

१९९० च्या दशकाच्या आरंभी छबिलदासमधील प्रयोग थांबले आणि आविष्कारने माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवले. तोवर शहरात दुसऱ्या दोन जागा स्थिरावल्या होत्या. जुहूचे पृथ्वी थिएटर जेनिफर व शशी कपूर यांनी १९७८ मध्ये सुरू केले. त्याचा पडदा उघडला तो गो. पु. देशपांडे यांच्या ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’च्या हिंदी प्रयोगाने, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुमारे दोनशे आसनांचे हे नाट्यगृह कौटुंबिक न्यासाच्या बळावर टिकले. नरीमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राला, अर्थात एनसीपीएला, टाटा समूहाचे पाठबळ होते. १९८० मध्ये टाटा थिएटर आणि १९८६ मध्ये एक्स्पेरिमेंटल थिएटर तेथे उभे राहिले. पुढे विजया मेहता यांनी या संस्थेचे कार्यकारी संचालकपदही सांभाळले. या दोन्ही संस्थांचे कार्य मोठे आहे. परंतु एक पश्चिम उपनगरात, दुसरी समुद्रात भर घालून केलेल्या दक्षिण टोकाला. दादर-परळच्या मध्यभागी छबिलदासने सोडलेली पोकळी त्यांनी भरून काढावी, ही अपेक्षाच अवाजवी होती.

शासनाचा आधार वेगळ्या स्वरूपाचा राहिला. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेने हौशी संस्थांना उत्तेजन दिले, आणि व्यावसायिक नाटकांना अनुदान मिळू लागले. स्पर्धा आणि अनुदान हे दोन्ही उपाय तयार प्रयोगाला लागू होतात. प्रयोग तयार होण्यापूर्वीचे दोन-तीन महिने तालीम कुठे करायची, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरच राहतो.

हा प्रश्न केवळ प्रायोगिकांचा नाही. सोशल सर्व्हिस लीगचे परळ येथील दामोदर नाट्यगृह हे गिरणगावातील कोकणी चाकरमान्यांच्या नमन-खेळ्यांचे, शक्ती-तुऱ्याचे, दशावताराचे हक्काचे घर होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींचे टॉवर झाले, तरी विरार-नालासोपाऱ्याला पांगलेला प्रेक्षक या प्रयोगांसाठी परळला येत राहिला. २०२३ मध्ये हे नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रस्त्यावर उतरले ते प्रामुख्याने लोककलावंत आणि नाट्यकर्मी. छबिलदासवर जेवढे लिहिले गेले, त्याच्या अंशानेही दामोदरवर लिहिले गेलेले नाही. नमन-खेळ्यांच्या प्रेक्षकांत नाट्यसमीक्षक क्वचितच बसला, हे त्याचे साधे कारण होय.

माहीमच्या शाळेतील वर्गखोलीत अरुण काकडे यांनी पुढेही तालमी, छोटे प्रयोग आणि अरविंद देशपांडे स्मृती महोत्सव चालू ठेवले. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हाच्या श्रद्धांजलीपर लेखनात त्यांच्या चिकाटीचा गौरव सर्वत्र होता. तालमीसाठी खोली मिळवणे आणि ती टिकवणे यात एका बुजुर्ग रंगकर्मीची किती वर्षे खर्ची पडली, याचा हिशेब मांडण्याची गरज मात्र फारशी कोणाला वाटली नाही.