गोदाम, ताजमहाल आणि दोनास पाचाचं गणित

(काल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

उशीर झाला, माफ करा. कशेळीच्या पुलावर ट्रेलर बंद पडला होता, आणि इथल्या माणसांना याहून जास्त काही सांगावं लागत नाही. (हशा)

विषय कळवला तेव्हा संयोजकांनी दोनदा विचारलं, "सर, लेगो म्हणजे ते लहान मुलांचं ना?" तेच. प्लास्टिकचे ठोकळे. फक्त मी बोलणार आहे ते चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांबद्दल, जी रात्री घरातले सगळे झोपले की जेवणाच्या टेबलावर चादर पसरून हे ठोकळे जोडत बसतात. या छंदानं मन शांत होतं का, ताण जातो का, हे सांगणारे पुष्कळ आहेत. ते काम त्यांच्याकडे. मी समीक्षा करणारा माणूस आहे, तेव्हा माझा प्रश्न वेगळा आहे. या बैठकीतून शेवटी एक वस्तू तयार होते. ती वस्तू बघायची कशी? चांगली कुठली, सुमार कुठली, आणि कशावरून?

हे काल्हेरात बोलायला निमित्त आहे. गेल्या वर्षी इथून जवळच, एका ओळखीच्या गृहस्थांच्या घरी मी एक गोदाम पाहिलं. ठोकळ्यांचं. गृहस्थ ट्रान्स्पोर्टच्या कचेरीत हिशेब बघतात, नाव घेऊ नका म्हणालेत. पत्र्याचं छप्पर, अर्धं वर गेलेलं शटर, माल चढवायचा ओटा, ओट्याला पाठ लावून उभा ट्रक. भिवंडी रस्त्यावरून जाताना आपण रोज अशी शेकडो गोदामं बघतो, म्हणजे खरं तर बघत नाही. त्या गोदामाकडे परत येतो. आधी ताजमहालाकडे जाऊ, कारण या छंदात आपल्या देशाचं म्हणून जे काही जगभर पोचलंय ते तेवढंच.

लेगो कंपनीनं २००८ साली ताजमहालाचा संच काढला. ५,९२२ तुकडे. त्या वेळी एवढे तुकडे म्हणजे अचाट वाटायचं. पुढे २०१७ साली तो जवळजवळ तसाच पुन्हा आला, एक तुकडा जास्त. मी तो पूर्ण जोडलेला पाहिलाय, थोडासा जोडलाही आहे. आणि मला तो आवडत नाही. देखणा आहे, प्रश्न तो नाही. पण जोडताना काय होतं? एक मिनार झाला की तोच पुन्हा. मग तोच पुन्हा. मग चौथा. बाजूंचंही तेच. दुसऱ्या मिनारानंतर माणूस विचार करायचा थांबतो, पुस्तिकेचं पान उलटत राहतो. आता कोणी म्हणेल, मूळ इमारतच सममित आहे, संच करणारा काय करेल? बरोबर आहे. पण मूळ इमारतीत एक गोष्ट या सममितीला सोडून आहे, आणि सगळ्या ताजमहालाचा जीव तिच्यात आहे. मुमताजची कबर बरोबर मध्यावर आहे आणि शहाजहानची नंतर, एका बाजूला, पश्चिमेला ठेवलेली. एवढा आटापिटा करून साधलेला तोल नवऱ्याच्या कबरीनं बिघडवला. २०२१ साली कंपनीनं याच इमारतीचा लहान संच काढला, २,०२२ तुकड्यांचा. त्यात आत तळघर आहे आणि दोघांच्या कबरी आहेत. तुकडे निम्म्याहून कमी, पण ही इमारत आहे कशासाठी, हा प्रश्न त्या लहान संचात कोणीतरी विचारलाय. म्हणून मला तो मोठ्यापेक्षा सरस वाटतो. तुकड्यांच्या संख्येवरून कौतुक करायची या मंडळींत एक खोड आहे. "सहा हजारांचा केला." अरे, म्हणजे काय केलं? गाण्याच्या बैठकीला कोणी ताना मोजायला बसतं का? (हशा) बसतात म्हणा काही जण.

आता थोडं ठोकळ्याबद्दल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

डेन्मार्कमधलं बिलुन्ड हे गाव. तिथला एक सुतार, ओले किर्क क्रिस्तियानसेन, यानं १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. प्लास्टिकचे ठोकळे नंतर आले, आणि त्यांची कल्पना मुळात त्यांची नव्हती. इंग्लंडमध्ये हिलरी पेज नावाच्या माणसानं किडीक्राफ्ट या नावानं असे ठोकळे आधीच काढले होते, ते बघून यांनी केले. आज बाजारात मिळणाऱ्या स्वस्त, हुबेहूब ठोकळ्यांना जे नाक मुरडतात त्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो. यांचं स्वतःचं जे आहे ते २८ जानेवारी १९५८ च्या पेटंटमधलं: ठोकळ्याच्या पोटात नळ्या. वरचे गोल उंचवटे, ज्यांना हे लोक स्टड म्हणतात, ते त्या नळ्यांच्या मध्ये घट्ट बसतात. त्याआधीचे ठोकळे एकावर एक नुसते राहायचे. आता ते एकमेकांना धरायला लागले. चार बाय दोनचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घ्या. ते किती तऱ्हांनी जोडता येतात याचा आकडा कंपनी बरीच वर्षं दहा कोटींच्या घरातला सांगायची. पुढे सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञानं नीट मोजायला घेतलं. उत्तर आलं ९१,५१,०३,७६५. जुन्या हिशेबात फक्त सहा मजली मनोरे धरले होते, आडवं पसरणं धरलंच नव्हतं.

तर एवढी मोकळीक. आणि तरीही हे माध्यम अतिशय अडेलतट्टू आहे. माती दाबली की दबते, कागद मुडपतो. हा ठोकळा ऐकत नाही. दोन स्टडमधलं अंतर आठ मिलिमीटर, तेवढंच. तिरकं हवं, गोल हवं, जरासं आत हवं, की मारामारी सुरू. तुमच्या भिवंडीत पावरलूमवर ज्यांनी आयुष्य काढलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आडवा धागा उभ्याच्या वरून जाईल नाहीतर खालून. तिसरी वाट नाही. जेकार्डच्या पुठ्ठ्याला भोक आहे किंवा नाही. त्यातूनच वेलबुट्टी काढायची असते.

इथे एक गंमत आहे आणि ती मला या छंदातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी असते ती त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ३.२. आता अशा पाच पट्ट्या एकावर एक ठेवा. सोळा मिलिमीटर. आणि दोन स्टडची रुंदी? आठ दुणे सोळा. म्हणजे पाच पट्ट्यांची उंची आणि दोन स्टडची रुंदी तंतोतंत एक. हे ज्याला कळलं त्याला एक दार उघडतं, कारण आता काही भाग आडवा झोपवून जोडला तरी तो बाकीच्यात चपखल बसतो. स्टड वर न ठेवता बाजूला वळवायचे. चांगले कारागीर आणि बाकीचे यांच्यात फरक करायचा तर मी हे बघतो: माणूस ठोकळ्याच्या अडेलपणाशी बोलतोय का? त्यातून काही नवीन काढतोय का? की लांबून फोटोसारखं दिसलं म्हणजे संपलं?

अमेरिकेतले नेथन सवाया, वकिली सोडून पूर्णवेळ ठोकळ्यांची शिल्पं करणारे, त्यांचं 'यलो' नावाचं शिल्प प्रसिद्ध आहे. एक माणूस स्वतःची छाती दोन्ही हातांनी फाडतो आणि आतून पिवळे ठोकळे सांडतात. त्यांची बरीच शिल्पं मला ब्राँझमध्ये केली असती तरी चालली असती असं वाटतं. हे नाही चालणार. आतून जे सांडतं ते आणि माणूस ज्याचा बनलाय ते एकच आहे, हे फक्त ठोकळ्यातच दिसू शकतं. माध्यम असं वापरलं की मी खुर्चीत जरा पुढे सरकून बसतो.

आता गोदाम.

छपराच्या पत्र्याला पन्हाळी असतात. या गृहस्थांनी जाळीदार लहान टाईल ओळीनं लावून ते साधलं, आणि ते छप्पर सबंध एका बाजूला कललेलं आहे, मगाचचं दोनास पाचाचं गणित वापरून. ट्रकचा हौदा आणि ओटा एका पातळीत. म्हटलं, हे मोजलंत? म्हणाले, "मोजायचं काय, आयुष्य गेलं त्यात." शटर गॅरेजच्या दाराच्या तुकड्यांचं. इथपर्यंत चांगली कारागिरी.

पण ओट्यावर एक माथाडी आहे. लेगोचा तो छोटा माणूस तुम्ही पाहिला असेल, १९७८ पासूनचा. त्याला कोपर नाही, गुडघा नाही. पाठीवर ओझं घेऊन वाकणं त्याला शक्य नाही. मग? त्या माणसाच्या डोक्यावर मुळातच एक स्टड असतो, टोपी नाहीतर केस बसवायला. यांनी टोपी काढली आणि त्या स्टडवर सरळ गोण बसवली. खाकी रंगाचा ठोकळा. टक्कन बसतो. माथा आणि माथाडी. डेन्मार्कमध्ये ज्यानं तो स्टड ठेवला त्याला टोपीचं पडलं होतं, आणि काल्हेरातल्या एका माणसाला त्याच जागी ओझ्याची सोय दिसली. मी या छंदातल्या बऱ्याच वस्तू पाहिल्या आहेत. एवढ्या कमी तुकड्यांत एवढं बोलणारं दुसरं काही मला आठवत नाही.

आणखी एक. त्या माणसाचा चेहरा मूळचा हसरा असतो, दोन ठिपके आणि हसू. पहिली अकरा वर्षं तर सगळ्यांना तोच एक चेहरा होता. या माथाड्याला चेहरा नाही. डोकं मागे फिरवलंय, नुसतं पिवळं. मी विचारलं तर म्हणाले, "गोण डोक्यावर आणि हसतोय, बरं दिसेना." मला ते पटलं, आणि थोडं खटकलंही. चेहरा पुसला की माणूस खूण होऊन जातो, आणि या गृहस्थांना तर ही माणसं नावानिशी माहीत आहेत. पण त्या साच्यात दुसरा पर्याय नव्हता: एक तर हसायचं, नाहीतर चेहराच नाही. दोष काढायचा तर दुसरा काढतो. सगळं फार स्वच्छ आहे. ओट्याखाली पाणी साचलेलं नाही, खड्डा नाही, चहाची टपरी नाही. जूनमधलं काल्हेर यात नाही.

आता खरी अडचण सांगतो, ज्यासाठी मी हा विषय घेतला. घरी येणारा प्रत्येक जण त्यांना विचारतो, "रायगड कधी करताय?" २०२५ च्या जुलैत आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यानंतर तर जास्तच. आणि ते गोदाम मोडून त्याचे करडे ठोकळे रायगडाला घ्यायचं मनात धरून बसलेत. करडे तुकडे महाग पडतात हेही आहेच. आयात खेळण्यांवरची जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ साली ७० वर. या छंदाला पैसा लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. इथल्या ओट्यांवरून खेळण्यांची खोकी चढवणाऱ्या माणसाला त्यातलं एक खोकं घेता येत नाही.

माझं म्हणणं, रायगडाला आपल्याकडे माध्यम आहे. माती. दिवाळीत पोरं अंगणात दगड, विटांचे तुकडे, गोणपाट घेऊन जो किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, दोन-चार दिवसांत हिरवं येतं, सिंहासनापेक्षा मावळा मोठा असतो आणि कोणाला खटकत नाही, त्या किल्ल्यात डोंगर खरोखर डोंगरासारखा वागतो. माती घसरते, म्हणून तट बांधावा लागतो. किल्ला का बांधतात ते पोराच्या हाताला कळतं. ठोकळ्यात डोंगर करायचा तर हजारो करड्या तुकड्यांचा ढीग, मग पुन्हा संख्येचं कौतुक. गोदामाचं तसं नाही. ते मुळातच चौकोनी, खणाखणांचं, सुट्या खोक्यांचं. ते ठोकळ्यात जेवढं शोभतं तेवढं मातीत शोभणार नाही. शिवाय रायगड शंभर जण करतील. काल्हेरचं गोदाम करावंसं वाटलेला मला हा एकच माणूस भेटला, आणि त्याला ते किरकोळ वाटतं. "आपलंच तर आहे, त्यात काय बघायचं?" मी त्यांना गोदाम मोडू नका म्हणून दोनदा फोन केलाय. ते हो म्हणतात आणि विषय बदलतात.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

श्रोता: सर, मुलाचे जुने ठोकळे बादलीभर पडलेत. मीच सुरू करायचं म्हणतोय. रंगाप्रमाणे लावून ठेवू का?

नको, तिथेच सगळे फसतात. रंगानं लावलेत तर काळ्यांच्या ढिगात तो एक लहानसा काळा तुकडा तासभर सापडणार नाही. आकारानं लावा. एकाच आकाराच्या ढिगातून रंग लगेच डोळ्यात भरतो. मिठाईचे रिकामे डबे चालतील. आणि आधी बादली मच्छरदाणीच्या पिशवीत घालून कोमट पाण्यानं धुवा, गरम नको, नाहीतर तुकडे वाकतात. बसा, चहा येतोय.