अपत्यशोकाची दोन रूपे

मराठीतील अपत्यशोकाच्या कवितेचा विचार निघाला की गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये निवर्तले आणि ‘वाग्वैजयंती’ हा त्यांचा संग्रह त्यांच्या मागे, १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. या कवितेवर भावविवशतेचा आक्षेप घेता येतो. नुकतेच वैधव्य आलेली आई आणि तिचे गतप्राण बालक ही करुणरसाची सामग्री येथे आधीच ओतप्रोत आहे. अधिक गंभीर आक्षेप असा की, ज्याच्यासाठी हा आक्रोश आहे त्या बालकाचे स्वतंत्र व्यक्तित्व फारसे उभे राहत नाही. आईचा शोकच सारी कविता व्यापून टाकतो.

मात्र हा आक्षेप घेताना कवितेतील क्षण कोणता आहे, हे पाहिले पाहिजे. मूल निजले आहे, गलबला करू नका, हे आईचे रोजचे बोलणे. घराघरांतून ऐकू येणारे हे साधे वाक्य येथे मृत्यूच्या दारात उच्चारले जाते आणि म्हणूनच ते असह्य होते. या आईने मृत्यू मान्यच केलेला नाही. जो गेलाच नाही, त्याची आठवण कशी काढायची? जर्मन कवी रुकर्ट याची दोन मुले १८३३-३४ च्या हिवाळ्यात गेली, तेव्हा त्याने त्यांच्यावर ४२८ कविता लिहिल्या. त्यांतील एका कवितेत मुले केवळ फिरायला बाहेर गेली आहेत, अशी पित्याची कल्पना आहे. देश आणि भाषा भिन्न असूनही नकाराचा हा आधार दोन्हीकडे सारखाच आहे.

याच्या पुढची अवस्था निरालांच्या ‘सरोज-स्मृति’ या १९३५ च्या हिंदी कवितेत दिसते. पत्नीच्या निधनानंतर आजोळी वाढलेली कन्या सरोज ऐन तारुण्यात गेली. येथे मृत्यू मान्य झालेला आहे, आणि म्हणूनच मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते. भावाचा मार खाऊन रडणारी सरोज येथे आहे. पित्याच्या हातून घडलेल्या साध्या विवाहातील वधूही आहे. आईने करावयाची कामे तेथे पित्यालाच करावी लागली. आपण तिच्यासाठी काही करू शकलो नाही, ही द्रव्यहीन पित्याची कबुली या स्मृतींना भावुक होऊ देत नाही. अपत्याने पितरांना द्यावयाचे तर्पण अखेरीस पिताच कन्येला देतो, आणि अर्पण करतो ती आपली गतकर्मे.

शोकात माणूस गेलेल्याला सोडत नाही. स्मरणात तो त्याला जाऊ देतो आणि मगच त्याचे रूप पाहू शकतो. निरालांच्या मापाने गडकऱ्यांची कविता मोजली तर ती उणी भासेल. तथापि स्मरणापूर्वीचा जो क्षण बहुतेक आईबापांना शब्दांत सांगता येत नाही, तो तिने सांगितला आहे. शब्दांचा सोस तिला आहेच. तरी निजलेल्या मुलाजवळची ती आई मराठी वाचकाच्या मनातून अद्याप उठलेली नाही.