‘मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या’

आजी गेली त्या दिवशी दुपारी काका म्हणाले, “तू पीएचडी करतेस ना, मग पेपरला द्यायचं तूच लिही.” मी लिहिलं. आजी शाळेत गेली नव्हती, पण डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशोब ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवायची. सकाळची उभी रेघ, संध्याकाळची आडवी. दहा दिवसांचं बिल आलं की रेघा मोजायची, आणि फॅट कमी लागली असली तर डेअरीवाल्याशी भांडायची.

काकांनी वाचलं आणि म्हणाले, “भांडायची असं कुठं लिहितात का?” पेपरात आलं ते असं: धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या, त्यांच्या पश्चात दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे.

काकांची चूक नाही. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात निधनवार्तेचं खरं काम दशक्रियेची तारीख नि वेळ पाहुण्यांपर्यंत पोहोचवणं हे असतं, आणि ते तिनं चोख केलं. पण नंतर मी नगरच्या पेपरांतल्या अशा बातम्या वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की नाव झाकलं तर माझी आजी कोणती हे मलाही ओळखता येणार नाही.

हे असं का होतं, याचा एक धागा मानसशास्त्रात सापडतो. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांचं स्मरणशक्तीवरचं पुस्तक 1932 साली आलं. त्यांनी इंग्रज लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. दर खेपेला कथा लहान होत गेली, आणि आधी बदललं ते अनोळखी असलेलं. कनूची बोट झाली, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. आपल्या मनात साचा तयार असतो. त्यात न बसणारं गळतं किंवा बसेल असं वाकतं. आजीचं भांडणही असंच गळालं, फक्त इथं एका दुपारीच.

या साच्यात न बसलेलं आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं एक पुस्तक आहे: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं कुटुंब नगर आणि राहुरीला बरीच वर्षं राहिलं. टिळक 1919 मध्ये वारले. मुलानं, देवदत्त यांनी, वडिलांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. पुस्तकाचा पहिला भाग 1934 मध्ये आला. आत्मचरित्र म्हणून ते नावाजलं गेलं. मी ते यंदा नवऱ्यावरचा लांबलचक मृत्युलेख म्हणून वाचलं. त्यात टिळकांचा राग आहे, न सांगता घरातून निघून जाणं आहे, हातात पैसा न टिकणं आहे. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा बाईंचं जे झालं, तेही बाईंनी झाकलेलं नाही. आणि एवढं सगळं वाचूनही हा माणूस आपल्याला आवडतो! ‘थोर’ हे विशेषण लावून हे झालं नसतं.

आता शंका. टिळक जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर छापलेल्या पुस्तकात त्याआधीच्या कैक वर्षांतले संवाद शब्दशः येतात, ते तसेच झाले असतील असं मी मानत नाही. बार्टलेटचा नियम लक्ष्मीबाईंनाही लागू आहे. शिवाय त्यांचाही एक साचा आहे: बरीचशी भांडणं शेवटी त्यांच्या स्वतःच्याच फजितीवर येऊन हसण्यात मिटतात. सगळीच तशी मिटली असतील का? पण साच्यानं नवऱ्याचा संत व्हायला हवा होता, तो झाला नाही. म्हणून तपशिलांत उन्नीस-बीस असलं तरी माणसाबद्दल मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

चार्ल्स डार्विननं वेगळी वाट धरली. त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी 23 एप्रिल 1851 रोजी गेली, आणि आठवड्याच्या आत, 30 एप्रिलला, त्यानं तिच्याबद्दल लिहून ठेवलं. पुढं वाचताना ती नीट आठवावी म्हणून, छापायला नाही. त्यात ती बापासाठी चिमूटभर तपकीर चोरून आणायची, ते आहे. निरीक्षण ताजं असतानाच नोंदवायचं, ही आमच्या लॅबमधलीही पहिली शिस्त.

मला मात्र दोन महिने लागले. वर्षश्राद्धाच्या आधी घराला रंग द्यायचं ठरलंय, म्हणून मागच्या रविवारी गावी जाऊन भिंतीचे फोटो काढले. शेवटच्या ओळीत सतरा रेघा आहेत. त्यातल्या चार जरा तिरक्या आणि फिकट. त्या तिनंच ओढल्या की आत्यानं, हे आत्याला विचारायचं राहिलं.