यंत्र, त्याग आणि हवामानबदल : एका ग्रंथाची चिकित्सा

हवामानबदल हा केवळ शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय होय, असा समज सुशिक्षित वर्गात अद्याप बऱ्याच प्रमाणात आढळतो. हा समज दूर करणाऱ्या ग्रंथांत अमिताव घोष यांच्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’चे स्थान महत्त्वाचे आहे. २०१५ साली शिकागो विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांतून तो सिद्ध झाला व २०१६ साली प्रसिद्ध झाला. साहित्य, इतिहास आणि राजकारण अशा तीन भागांत त्याची मांडणी आहे. त्यातील एका विचाराचा परामर्श आंबेडकरी दृष्टीने घेणे आम्हास अगत्याचे वाटते. कारण त्या विचाराशी आपल्या समाजाचे भवितव्य निगडित आहे.

प्रथम ग्रंथाच्या गुणांचा निर्देश केला पाहिजे. तापमानवाढीचे मूळ केवळ भांडवलशाहीत शोधून भागणार नाही, साम्राज्यशाहीचाही हिशेब मांडावा लागेल, हा घोष यांचा सिद्धांत मौलिक आहे. आशियातील देशांची औद्योगिक वाढ वसाहतवादाने रोखून धरली आणि कोळसा व तेल यांच्या बळावर पश्चिमेने आपले वैभव उभारले, हे ते साधार दाखवितात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. अशा आपत्तींचा अनुभव असूनही आधुनिक कादंबरी त्यांना अपवाद मानून बाजूला का सारते, हा त्यांचा प्रश्नही विचारप्रवर्तक आहे.

आमचा मतभेद निराळ्याच ठिकाणी आहे. पश्चिमेच्या धर्तीवर भारताने औद्योगिकीकरण केले तर सारी पृथ्वी ओरबाडली जाईल, अशा आशयाचा इशारा गांधीजींनी १९२८ साली दिला होता. घोष त्या इशाऱ्याचा गौरवपूर्वक उल्लेख करतात आणि गांधीजींच्या ठायी असलेल्या त्यागवृत्तीत त्याचे सामर्थ्य पाहतात. सर्व मानवजातीला पश्चिमेसारखा उपभोग घेता येणार नाही, हे म्हणणे खरे आहे. परंतु ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने कशाचा त्याग करावयाचा? या प्रश्नाला ग्रंथ भिडत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. पशुवत कष्टांतून माणसाची सुटका व्हावी, त्यास फुरसत लाभावी आणि संस्कृतीचा अधिकारी होता यावे, यासाठी यंत्र आवश्यक आहे, अशी त्यांची भूमिका होती. यंत्रयुगाने अनर्थ घडविले हे त्यांनी नाकारले नाही. मात्र दोष यंत्राचा नसून, खाजगी मालमत्तेस पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे निदान होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेस त्यांनी जी चालना दिली, तिच्यामागे हीच दृष्टी होती.

हे निदान आजच्या परिस्थितीस लावून पाहावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यापूर्वी मार्चमध्ये तेथील पाणवठ्यांच्या परिसरात जमावबंदी लागू करण्यात आली होती. तथापि त्याच हंगामात मराठवाड्यातील साखर कारखान्यांनी उसाचे गाळप केले. वाढत्या उष्म्याने दुष्काळाची धग वाढते, हे निर्विवाद आहे. परंतु उरलेले पाणी कोणाच्या शेतात जावे, हे आकाश ठरवीत नाही. ते धरण, कालवा आणि कारखाना ज्यांच्या हाती आहे ते ठरवितात. बीड जिल्ह्यातील भूमिहीन व अल्पभूधारक मात्र मुकादमाकडून उचल घेतात आणि कोयता घेऊन दूरच्या फडावर जातात. या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली राज्यापुढे आला, तेव्हा शासनास चौकशी समिती नेमावी लागली. या स्त्रियांना साधेपणाचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल.

केवळ यंत्र बदलल्याने न्याय होतो, असेही नव्हे. कर्नाटकातील तुमकूरू जिल्ह्यात पावगडा येथे सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॅट क्षमतेचा सौरऊर्जा प्रकल्प उभा आहे. त्यासाठी जमीन भाडेपट्ट्याने घेण्यात आली. जमीनमालकास दरसाल भाडे मिळते. त्याच जमिनीवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाचे काम गेले आणि भाड्यात त्याचा वाटा नाही. धूर नाहीसा झाला, पण मालकीची रचना जशीच्या तशी राहिली. बाबासाहेबांच्या निदानाची याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

ग्रंथाच्या अखेरीस घोष धर्मसंघटनांवर आशा ठेवतात. २०१५ सालचा पॅरिस करार आणि त्याच वर्षीचे पोप फ्रान्सिस यांचे परिपत्रक यांची तुलना करून, गरिबांविषयीची कळकळ परिपत्रकात अधिक स्पष्ट आहे, असे ते दाखवितात. ही तुलना मार्मिक आहे. परंतु धर्म कोणता, हेही विचारले पाहिजे. दुष्काळास पूर्वजन्मीचे कर्म मानणारा धर्म पीडितास मुकाट करील. उलट अंगुत्तर निकायातील अधम्मिक सुत्तात राजा अधार्मिक झाला की अधर्म अधिकाऱ्यांपासून ग्रामजनांपर्यंत पसरतो, ऋतुचक्र बिघडते, पाऊस नीट पडत नाही आणि अन्न निकृष्ट होऊन माणसे अल्पायुषी होतात, अशी कारणपरंपरा सांगितली आहे. तिच्याकडे चमत्कारकथा म्हणून पाहू नये. निसर्गाच्या बिघाडाचा शोध तिने सत्तेच्या आचरणापर्यंत नेला, हे तिचे मर्म आहे. तद्वतच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात उद्भवलेल्या तंट्यात दाखविले आहे. तो त्याग उपभोगाला विटून केलेला नव्हता; पाण्यासाठी युद्ध करण्यास नकार दिल्याने पत्करलेला होता. त्यागाचा खरा अर्थ आम्ही येथे पाहतो.

२०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या १४ व २१ या अनुच्छेदांच्या आधारे हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क कागदावर राहू नये, अशी इच्छा असेल तर पाणी, जमीन व वीज यांच्या मालकीचा प्रश्न हवामानाच्या चर्चेत अग्रभागी आणावा लागेल. घोष यांचा ग्रंथ आमच्या वाचकांनी अवश्य वाचावा. परंतु पृथ्वी वाचविण्यासाठी कोणी काय सोडावयाचे, हा हिशेब वाचताना सतत समोर ठेवावा. ज्यांनी अधिक घेतले आहे त्यांनी आधी सोडावे. ज्यांना अद्याप काहीच मिळालेले नाही, त्यांच्या वाट्याचे दान अजून बाकी आहे.